बुतुआनच्या पोरांचा विजय

जोवेलिन तोलेन्तिनोला पहिला संशय आला तो नवव्या मिनिटाला.

खेळाच्या आतला कॅमेरा तिच्या हातात असे. मंचावर काचेच्या दोन खोल्यांत पाच-पाच पोरं आपापल्या फोनमध्ये डोकं घालून बसलेली. ती जे खेळतात ते स्टेडियममधल्या मोठ्या पडद्यावर आणि घराघरांतल्या फोनवर लोकांना कुठून दिसावं, किती जवळून दिसावं, हे मंचामागच्या खोलीत बसून जोवेलिन ठरवायची. खेळणाऱ्याला समोरचा गडी झाडीत लपला की दिसत नाही. तिला सगळे दिसायचे. एक बटण दाबलं की दहांपैकी कुणाच्याही फोनवर या क्षणी काय चाललंय, त्याचं बोट कुठे टेकलंय, हेसुद्धा समोर यायचं. सहा वर्षं हे पाहून पाहून ती नाव न वाचता नुसत्या बोटांवरून खेळाडू ओळखायला लागली होती. आणि केर्विनची बोटं तर तिने झोपेतही ओळखली असती.

केर्विन हा हबागात संघाचा शिकारी. सिक्लाब या खेळात दोन किल्ले असतात, मध्ये जंगल, आणि जंगलाच्या मधोमध एक अजस्र रेडा. रेड्यावर दोन्ही संघ तुटून पडतात. पण ज्याचा शेवटचा घाव, रेडा त्याचा. मग तो रेडा त्या संघाच्या बाजूने समोरच्या किल्ल्यावर चालून जातो. तो शेवटचा घाव घालायला प्रत्येक संघात एक शिकारी ठेवलेला असतो. केर्विनचा घाव चुकत नाही, हे मनिलातल्या शाळकरी पोरांनाही पाठ होतं. त्याच्या नावाचे टी-शर्ट विकले जायचे. नूडल्सच्या पाकिटावर त्याचा हसरा चेहरा होता.

नवव्या मिनिटाला बुतुआनच्या बालांगाय संघाचे तीन गडी ओढ्याकाठच्या झाडीत दबा धरून बसले. जोवेलिनने सवयीने केर्विनचा फोन उघडून पाहिला. त्याच्या बोटाने नकाशावर नेमकी तीच झाडी टिपली आणि साथीदारांना इशारा केला, इथे माणसं आहेत. आणि मग तो स्वतः, एकटा, रमतगमत त्याच झाडीत शिरला.

मेला.

"काय सापळा लावलाय या पोरांनी!" समालोचक किंचाळला. "बुतुआन, उठा, झेंडे काढा!"

जोवेलिनने कपाळाला आठी घातली आणि सोडून दिलं. होतं असं कधीकधी. पण मेलेला गडी किल्ल्यातून पुन्हा जिवंत होऊन येतो, तसा तो आला आणि तेराव्या मिनिटाला पुन्हा तेच झालं, दुसऱ्या झाडीत. आणि सतराव्या मिनिटाला रेडा आला. दहाच्या दहा गडी त्याच्याभोवती. रेड्यात शेवटची धुगधुगी उरली तेव्हा केर्विन त्याला खेटून उभा होता, बोट घावाच्या बटणावर, काचेला टेकायला केसभर बाकी. आणि ते बोट थांबलं. थोडंथोडकं नाही, चांगलं दीड सेकंद थांबलं. बालांगायचा कप्तान एल्मार याने घाव घातला, रेडा त्याचा झाला, आणि त्यानंतर केर्विनचं बोट खाली आलं, मेलेल्या रेड्यावर.

जोवेलिनने विचार केला नाही. तिने केर्विनचा फोन मोठ्या पडद्यावर टाकला.

"जोव्ह! हट तिथून!" हेडफोनमध्ये सेल्मो सरांचा आवाज फुटला. सेल्मो सर सगळ्या प्रक्षेपणाचे दिग्दर्शक. प्रत्येक सामन्यात ते डुकराच्या तळलेल्या कातडीचं पाकीट घेऊन बसत, आणि तो कुरुमकुरुम आवाज खोलीतल्या बाराही जणांच्या कानात दिवसभर वाजत राही. "प्रेक्षक दाखवा. प्रेक्षक!"

"सर, त्याने दाबलंच नाही. मी पाहिलं, बोट—"

"तुला काय विचारलंय का मी? प्रेक्षक म्हटलं ना! कानात बोळे घातलेत का?"

तिने बटण सोडलं. पडद्यावर प्रेक्षक आले. एक जाडा माणूस ढोल बडवत होता, एक मुलगी तोंडावर हात धरून उभी होती. चार मिनिटांनी हबागातचा किल्ला कोसळला आणि वर्षभरात एकही मोठा संघ न हरवलेले बुतुआनचे पाच जण जिंकले.

एल्मार काचेच्या खोलीतून बाहेर आला, दोन पावलं चालला आणि मंचावर गुडघे टेकून बसला. त्याच्या तोंडावरून पाणी वाहत होतं. खालच्या कॅमेरावाल्याने त्याच्या तोंडाजवळ कॅमेरा नेला, कुणीतरी व्हायोलिनचं संगीत सोडलं, आणि सेल्मो सर हळुवारपणे म्हणाले, "वा. हेच. हेच धरून ठेवा. आणखी जवळ." मग पुन्हा कुरुमकुरुम.

गणित काही अवघड नव्हतं. जोवेलिनला ते जेवणाच्या सुट्टीत दोन मिनिटांत सुटलं. दोन गट होते. दुसऱ्या गटात सगळ्यांत बलाढ्य लावीन संघ एका वाईट दिवशी घसरला आणि पहिला येण्याऐवजी दुसरा आला. त्यामुळे या गटातला पहिला संघ शुक्रवारी लावीनच्या तोंडी जाणार होता, आणि दुसऱ्याला सेबूचा एक लेचापेचा संघ मिळणार होता. शुक्रवारी हरला तो घरी. आजचा सामना जिंकला असता तर हबागात पहिला आला असता आणि दोन सर्वांत लाडक्या संघांपैकी एक अंतिम सामन्याआधीच संपला असता. आता हरून हबागात दुसरा राहिला आणि पहिला आलेला बुतुआन लावीनच्या पुढ्यात गेला. रविवारची चौदा हजार तिकिटं कधीच विकली गेली होती.

तिला केर्विन सापडला तो मागच्या फाटकाशी, गाडीवर भाजलेली कोंबडीची आतडी खात. आतडीच्या काड्या व्हिनेगरच्या बरणीत बुडवून तो एकामागून एक ओढत होता. आज हरलेला माणूस असा जेवत नाही.

या पोराला ती तेरा वर्षांचा असल्यापासून ओळखायची. मालाबोनच्या मॉलमध्ये, चपलांच्या दुकानासमोर, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सिक्लाबच्या पहिल्या स्पर्धा व्हायच्या तेव्हा जोवेलिन फुकट काम करायची: खुर्च्या लावणं, नावं लिहिणं, फोन गरम झाले की पंख्यासमोर धरणं. केर्विनकडे फोनच नव्हता. तो तिचा मागून खेळला आणि पहिला आला. बक्षीस होतं तांदळाचं पोतं. ते त्याला उचलवत नव्हतं म्हणून दोघांनी मिळून रिक्षात टाकलं होतं. त्या दिवसापासून तो तिला ताई म्हणायचा.

"ताई, खा ना," तो म्हणाला आणि एक काडी पुढे केली.

"बोट का थांबवलंस?"

"कुठलं बोट?"

"केर्विन, मी तुझा फोन बघत होते."

त्याने पुढे केलेली काडी बरणीत परत टाकली. मग हसला, अगदी पाकिटावर हसतो तसा. "तू पण ना! सगळं जग रेड्याकडे बघतं आणि ही बाई माझ्या बोटाकडे. अगं, ही स्ट्रॅटेजी आहे. खेळच स्ट्रॅटेजीचा आहे ना? लढाई जिंकायची की युद्ध?"

"शहाणपणा पुरे. कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला लागतं? कोच म्हणाले, आज जरा हात सैल ठेवा. आम्ही ठेवले." त्याने ओठाचं तेल मनगटाने पुसलं. "कुणाचं वाईट झालं, सांग. ती गावाकडची पोरं आयुष्यभर सांगत फिरतील, हबागातला हरवलं म्हणून. आम्ही रविवारी असणार. लोकांना तेच हवंय. तुमच्या लोकांनाही तेच हवंय."

"आमच्या?"

"मी नंतर पाहिलं, माझा फोन पडद्यावर आला तसा गेला. सेल्मो सरांना एकदम प्रेक्षकांचा एवढा उमाळा का आला?" तो म्हणाला. "आणि बटण कुणी सोडलं, ताई? मी?"

भाजलेल्या आतडीचा धूर तिच्या तोंडावर आला. ती वळली आणि चालायला लागली. मागून तो हाक मारत होता, "अगं रागावतेस काय? ताई! एक तरी खा!"

घरी बाप वाट बघत होता. नेस्तोर मासळी मुरवून तिचा पातीस नावाचा खारट रस काढायच्या कारखान्यात तीस वर्षं राबला होता. त्याच्या कपड्यांना, उशीला, हातातल्या फोनलासुद्धा तो वास होता. एरवी तो खेळाबद्दल अवाक्षर बोलायचा नाही. आज दारातच उभा होता.

"काय झाली गं मॅच! अगं, गरिबाची पोरं! कुणाकडे धड बूट नाहीत, आणि त्या नूडल्सवाल्याला पाणी पाजलं!" त्याचे डोळे लाल झाले होते. "तो एक गुडघ्यावर बसला बघ, तेव्हा शेजारची लोर्ना पण रडली. आणि तू ते किती छान दाखवलंस. मी सगळ्यांना सांगितलं, माझी पोरगी दाखवतेय."

"बाबा, जेवला का?"

"जेवतो गं. आधी पुन्हा एकदा बघू दे."

त्याने ताटात सुकी मासळी आणि भात वाढून ठेवला होता. ती दोन घास चिवडून उठली. आतल्या खोलीतून व्हायोलिन ऐकू येत होतं; बाप तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावत होता. तिला त्या वाजवण्याची, त्या रडणाऱ्या पोराच्या तोंडाची, स्वतःच्या बापाच्या ओल्या डोळ्यांची अशी शिसारी आली की तिने नळ मोठा सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

दोन दिवस बुतुआनची पोरं देशाची लाडकी होती. सगळीकडे त्यांचेच फोटो. मुलाखत घेणारी बाई एल्मारला विचारायची, "त्या क्षणी मनात काय आलं?" तो म्हणायचा, "काही नाही आलं." आणि ती बाई म्हणायची, "किती साधा आहे हो हा!"

शुक्रवारी बुतुआनहून वीसेक माणसं आली, दोन रात्री बोटीत काढून. त्यांनी एक कापडी फलक आणला होता, महापौरांचा फोटो मोठा आणि पोरांचे पाच फोटो लहान. एल्मारची आई पुढच्या रांगेत बसली होती, मांडीवर कसलंसं पुडकं घेऊन, चर्चला निघालेल्या बायका घालतात तसा फुलाफुलांचा झगा घालून.

गटातला सामना एका डावाचा होता, शुक्रवारपासून पाचांपैकी तीन डाव जिंकायचे होते. लावीनने पहिला डाव अकरा मिनिटांत संपवला. दुसरा बारा. तिसऱ्यात तर त्यांनी खेळायचंसुद्धा मनावर घेतलं नाही. त्यांचा एक गडी बुतुआनच्या किल्ल्यासमोर उभा राहून नाचत राहिला. खेळात नाचायचं एक बटण असतं, तो ते दाबत राहिला. किल्ला उघडा पडला होता, एक फटका मारला की संपलं असतं. ते मारत नव्हते. बालांगायचा गडी जिवंत होऊन बाहेर आला की त्याला मारायचं, त्याच्या मुडद्यावर नाचायचं, पुन्हा वाट बघायची.

प्रेक्षक हसायला लागले. बुधवारी ज्यांनी ढोल बडवले तेच. बालांगाय म्हणजे जुन्या काळची होडी, कुणीतरी वरून ओरडलं, "होडी बुडाली, पोहत जा रे घरी!" आणि सगळं स्टेडियम तेच घोकायला लागलं.

"नाच जवळून घे," सेल्मो सर कानात म्हणाले.

तिने घेतला. हात घेत होते. तिला वाटलं, कुणाच्या तरी तोंडात घाण कोंबायला आपण चमचा धरून बसलोय.

सामना संपल्यावर ती बालांगायच्या खोलीकडे गेली. चौघं जण बाहेर गावकऱ्यांबरोबर फोटो काढत होते. खोलीत एल्मार एकटा होता, फोनच्या तारा गुंडाळून बॅगेत भरत. वीस वर्षांचा, काळासावळा, कानाच्या पाळ्या जराशा बाहेर आलेल्या.

तिने आपलं नाव सांगितलं, काम सांगितलं. मग दार लावलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: झाडी, इशारा, बोट, दीड सेकंद. "रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. मी शिस्तपालन समितीकडे तक्रार करणार आहे. तुझी सही असेल तर त्यांना दुर्लक्ष करता येणार नाही. तुमच्यावर अन्याय झालाय, ते तुला कळायला हवं म्हणून—"

"माहितीये," एल्मार म्हणाला.

"काय?"

"नवव्या मिनिटाला कळलं. झाडीत मीच होतो ना, ताई. तो आत आला, माझ्याकडे तोंड केलं आणि उभा राहिला. नुसता उभा. मी क्षणभर मारायचं थांबलोसुद्धा. म्हटलं, याच्या फोनला काही झालं की काय? तरी तो हलेना. मग मारला."

"मग... मंचावर रडलास ते?"

"तुम्हाला काय वाटलं, आनंदाने?"

तो तारा गुंडाळत राहिला. बोलला ते तारांकडे बघूनच.

"चार वर्षं आम्ही एका गॅरेजच्या माळ्यावर झोपून खेळतोय. मला एकदा केर्विनशी खरंखुरं खेळायचं होतं. हरलो असतो. मला काय कळत नाही? हरलोच असतो. पण तो माझ्याशी खेळून जिंकला असता. त्याने तेवढंही नाही दिलं. भिकाऱ्याच्या अंगावर नाणं फेकतात ना, बघतसुद्धा नाहीत कुठे पडलं, तसा विजय फेकला. बाहेर आलो आणि पायातलं बळच गेलं, म्हणून बसलो. मान वर केली तर समोर पडद्यावर माझंच तोंड, घराएवढं. आणि वर ते गाणं."

घरात बाप तोच तुकडा लावून बसला होता. देश लावून बसला होता.

"हे समितीला सांग," ती म्हणाली. "असंच्या असं सांग."

"आणि आईला काय सांगू?" त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "ती मासळीबाजारात उकडलेली अंडी विकते. बुधवारी सामना संपला तेव्हा बाजारातल्या लोकांनी उठून तिला जागा दिली. आज आम्ही हरलो तरी ती म्हणते, असू दे बाळा, हबागातला हरवलंस ते कुणी काढून घेत नाही. ते मीच काढून घेऊ?"

"पण ते खोटं आहे, एल्मार."

"खोटं तुम्ही दाखवलंत," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "आता खरं दाखवायची हौस आली तर तीही माझ्याच तोंडावर भागवणार?"

दार उघडून त्याची आई आत आली. "ह्या कोण रे?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सामनाभर मांडीवर धरलेलं ते पुडकं जोवेलिनच्या हातात दिलं. केळीच्या पानातला चिकट भात होता, नारळाच्या दुधातला. "खा गं पोरी. तुम्ही लोकांनी माझ्या पोराला किती छान दाखवलंत. सगळा गाव बघत होता."

जोवेलिनने तिच्यासमोर एक घास खाल्ला. गोड होता, ताजा होता.

रविवारी अंतिम सामन्याआधी चित्रफीत लावायची असते. दिवे विझले, चौदा हजार लोक गप्प झाले, आणि पडद्यावर पहिल्यांदा आलं ते एल्मारचं रडणारं तोंड, संथ गतीने, एकेक थेंब दिसेल असं. वर भारदस्त आवाज: "इथे स्वप्नं खरी होतात." टाळ्यांचा कडकडाट झाला. सेल्मो सर हेडफोनमध्ये म्हणाले, "माझ्या अंगावर काटा आला बघा," आणि ते खोटं बोलत नव्हते. किळस त्याचीच वाटत होती. त्यांच्या अंगावर खरंच काटा आला होता.

जोवेलिनने ठरवलं होतं, उठून जायचं. हेडफोन काढायचा, टेबलावर ठेवायचा, चालू लागायचं. कॅमेरा अनाथ होईल, होऊ दे. तिने हात वर नेलाही. तेवढ्यात खेळ सुरू झाला आणि हात परत बटणांवर आले.

आणि तो सामना उत्तम झाला. याला काय करायचं? हबागात आणि लावीन, दोघंही जीव ओतून खेळले. सहा वर्षांत तिने असा सामना पाहिला नव्हता. एक डाव इकडे, एक तिकडे, दोन-दोन झाले. पाचव्या डावात दोन्ही किल्ले अर्धे ढासळलेले, दोन्हीकडचे गडी भुकेल्या कुत्र्यांसारखे सावध, आणि रेडा आला. जोवेलिन पुढे काय होणार ते होण्याआधी अर्धा सेकंद तिथे पोचत होती. बोटं आपली आपण पळत होती. केर्विन मागे रेटला गेला होता, रेड्यापासून लांब. लावीनचे चौघं मध्ये भिंतीसारखे उभे. तो भिंतीवरून उडी घेऊन आत पडला, त्याच्यावर चारही बाजूंनी वार झाले, आणि मरता मरता, लावीनच्या शिकाऱ्याच्या बोटाआधी डोळ्याचं पातं लवेल तेवढा वेळ राखून, त्याने शेवटचा घाव घातला.

रेडा हबागातचा झाला, आणि सामनाही. स्टेडियम फाटलं. समालोचक खुर्चीवर चढला. खोलीतले बारा जण उभे राहिले, आणि त्या गलक्यात जोवेलिनला एक चिरका, बेभान आवाज ऐकू आला. तो तिच्याच गळ्यातून निघत होता.

तिने तोंड मिटलं. पण ओरडून झालं होतं. सेल्मो सर मागून आले आणि तेलकट हाताने तिची पाठ थोपटून म्हणाले, "बघ! याच्यासाठीच करतो आपण हे सगळं." बुधवारचा घाण सामना याच क्षणासाठी विकला गेला होता, आणि तो क्षण तिने सगळ्यांबरोबर चाटूनपुसून खाल्ला होता. केर्विनपेक्षा, सेल्मो सरांपेक्षा, नाचणाऱ्या त्या लावीनच्या पोरापेक्षा तिला त्या घटकेला स्वतःच्या गळ्याची जास्त किळस आली.

सोमवारी तिने तक्रार दिली. रेकॉर्डिंग जोडलं, वेळा लिहिल्या, सही केली. एल्मारचं नाव तिने कुठेही घातलं नाही. पण समितीला दोन्ही संघांना विचारणं भागच होतं.

तीन आठवड्यांनी तिला बोलावलं. समितीच्या प्रमुख मिसेस केआंपो या वकील होत्या, बोलायला मऊ, केस चापूनचोपून बसवलेल्या.

"रेकॉर्डिंग आम्ही पाहिलं," त्या म्हणाल्या. "दडपणाखाली माणसाचं बोट अडखळतं हो. त्याला नियम कसा लावणार?"

"आणि दोनदा झाडीत शिरला, तेही अडखळून?"

"आणि रविवारी नाही अडखळलं. म्हणजे माणूसच आहे तो." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "शिवाय ज्यांच्यावर अन्याय झाला असं तुम्ही म्हणता, त्यांचंच म्हणणं वाचा."

एल्मारने चारच ओळी पाठवल्या होत्या. आम्ही तो सामना आमच्या खेळावर जिंकलो. समोरच्या संघाने काही सोडल्याचं आम्हाला जाणवलं नाही. ज्यांनी तक्रार केली त्यांनी आमचा आणि आमच्या गावाचा अपमान केला आहे. हा विषय बंद करावा.

तो असंच लिहिणार हे तिला ठाऊक होतं. त्याच्या जागी तिनेही हेच लिहिलं असतं. तरी तिसरी ओळ वाचताना तिचे कान तापले.

"तुमच्यावर कुणाचा राग नाही हं," मिसेस केआंपो उठत म्हणाल्या. "उलट अंतिम सामन्याचं काम बघून सगळे खूश आहेत. पुढच्या मोसमाचा करार खालीच तयार ठेवलाय, जाता जाता सही करून जा."

ती खाली आली ती थेट दाराबाहेर पडली. टेबलामागच्या पोराने "मॅडम, कागद!" म्हणून हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही.

फाटकाशी केर्विन पोरांच्या गराड्यात उभा होता. शाळेचे गणवेश घातलेली पोरं फोनची पाठ पुढे करत होती, तो एकेकावर जाड पेनाने सही ठोकत होता. तिला बघून त्याने गर्दीतूनच हात हलवला आणि वाट काढत आला.

"झालं का समाधान?" तो म्हणाला. रागाने नाही, लहान भाऊ चिडवतो तसा. "मला पण बोलावलं होतं. कोरा शर्ट घालून गेलो. ताई, मनात काही नाही हां माझ्या. आणि एक ऐकलं ते खरं का? शेवटच्या घावाला तू म्हणे अशी ओरडलीस की सेल्मो सर घाबरले?"

"हो," जोवेलिन म्हणाली. "ओरडले."

"मग!" त्याचा चेहरा उजळला. "आवडलं ना? मी मनात म्हटलं होतं, हा घाव ताईसाठी. बुधवारचा राग काढून टाकला की नाही?"

तो खरंच वाट बघत होता. पाकिटावरचं हसू नव्हतं हे. तेरा वर्षांच्या, पोतं न पेलणाऱ्या पोराचं होतं. आणि तिला जाणवलं की हा आपल्याला फसवत नाहीये. याला खरंच वाटतंय की फिटलं.

"केर्विन," ती म्हणाली, "तू इतकं चांगलं खेळतोस की बघणाऱ्याने सगळं विसरावं. मी विसरले होते. अर्धा मिनिट. मला पुन्हा ते व्हायला नको."

"म्हणजे?"

"म्हणजे मला ताई म्हणू नकोस."

पोरांनी त्याला पुन्हा घेरलं. कुणी फोन पुढे केला, कुणी पाठ. त्याने एक सही केली, मान उंच करून तिच्याकडे पाहिलं, काहीतरी ओरडला. गलक्यात तिला ते कळलं नाही. मालाबोनला जाणारी जीपनी गाडी फाटकाशी थांबत होती. ती धावत जाऊन चढली, दोन बायकांच्या मध्ये अंग चोरून बसली आणि भाड्याचे पेसो हातोहात पुढे ड्रायव्हरकडे पाठवले.